पाऊस नाही, तरी कंटेनर आतून गळतोय: छताला सिलिकॉन लावण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न हमखास येतो. शेतात किंवा घरामागच्या परड्यात जुना शिपिंग कंटेनर आणून ठेवलेला असतो. आत खताची पोती, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, एखादी जळालेली मोटर, कुणाचं वेल्डिंग मशीन. पावसाळाभर आत टिपूस नाही. आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी दार उघडावं तर युरियाच्या पोत्यांवर ओले डाग, पान्यांवर तांबूस थर आणि छताला थेंबांच्या रांगा. वर आभाळ स्वच्छ निळं. मालक म्हणतो, छत फुटलं. मग सिलिकॉन, एम-सील, डांबर, शेवटी ताडपत्री. चार दिवस ढगाळ हवा असते तोवर बरं वाटतं, पुन्हा आभाळ मोकळं झालं की तेच.

दहातल्या नऊ वेळा छत शाबूत असतं. कंटेनरला घाम आलेला असतो, आणि तो घाम बाहेरून येत नाही. तो कंटेनरखालच्या जमिनीतून आणि आत ठेवलेल्या मालातून येतो. त्यामुळे छतावर केलेला खर्च बहुतेक पाण्यातच जातो.

आधी ठरवा: गळती की घाम

सूर्य उगवायच्या आत बॅटरी घेऊन आत जा आणि छत नीट बघा. कंटेनरचं छत सपाट नसतं, त्याला रुंदीच्या दिशेनं दाबून पन्हाळी पाडलेल्या असतात. घाम असेल तर थेंब त्या पन्हाळींच्या खालच्या कडेला ओळीनं लोंबकळताना दिसतात, छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास सारखे. पाणी स्वच्छ असतं. बोट फिरवलं की शेजारचे दोन थेंब मिळून एक होतो आणि टपकन खाली पडतो. गळतीचं तसं नसतं. ती एका जागी असते, तिथून भिंतीवर ओघळ उतरतो, आणि छिद्राभोवती गंज धरलेला असल्यामुळं ओघळ तपकिरी असतो.

शंका राहिली तर भर दुपारी आत जाऊन दार बंद करून घ्या. डोळे अंधाराला सरावले की टाचणीएवढं छिद्रसुद्धा चांदणीसारखं लखलखतं. मात्र एकट्यानं हा उद्योग करू नका. कंटेनरच्या दाराला आतून कडी नसते. बाहेर भरवशाचा माणूस उभा करा आणि पाच मिनिटांत बाहेर या, दुपारी आत भट्टी असते.

तिसरी चाचणी फरशीची, म्हणजे प्लायवूडच्या तळाची. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा तळावर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दमटपणा असेल तर ओल तळातून येतेय. फक्त वरून ओलं असेल तर हवेतली वाफ वरून बसलेली आहे. ही चाचणी फुकटची आहे आणि पुढचा निम्मा निर्णय तीच करून देते, तरी कुणी करत नाही.

वळिवाचा पाऊस मात्र भल्याभल्यांना फसवतो. मे महिन्यात दिवसभर तापून छत हात लावू देत नाही. चार वाजता गारांसकट सर येते, दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा काही मिनिटांत गार पडतो, आणि आतल्या गरम दमट हवेतली वाफ तिथल्या तिथं पत्र्याला चिकटते. बाहेर पाऊस, आत थेंब. कुणीही शपथेवर सांगेल की छत गळतंय. अशा वेळी पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा बघा. गळतीचं पाणी त्याच एका जागी साठलेलं असतं, घामाचे थेंब एव्हाना वाळायला लागलेले असतात.

पावसाळ्यात कोरडा, थंडीत ओला, असं का

थंड पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम येतो, तोच हा प्रकार. फक्त इथं तांब्याच्या जागी छताचा पत्रा आहे आणि त्याला गार करणारं आभाळ आहे. निरभ्र रात्री छताची उष्णता थेट वर आकाशात निघून जाते, त्यामुळं पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. जुलैत वर ढगांची गोधडी असते म्हणून पत्रा तेवढा गार होत नाही. तेव्हा आतली हवा दमट असते, लोखंड गंजतं, पण टपटप होत नाही. ऑक्टोबर सरला की ढग जातात, रात्री गार पडायला लागतात, आणि जमीन मात्र अजून पावसाळ्याचं पाणी धरून असते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतात.

आता थोडा हिशेब करू, कारण सगळी मेख तिथं आहे. वीस फुटी कंटेनरच्या आत साधारण ३३ घनमीटर हवा मावते. दिवसा आत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत १८ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. पहाटे ती हवा १५ अंशांपर्यंत उतरली तर तिला १३ ग्रॅमच्या वर वाफ धरता येत नाही. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान एवढं उतरतंच. म्हणजे घनमीटरमागं पाच-सव्वापाच ग्रॅम पाणी सुटणार, आणि सगळ्या कंटेनरमधून मिळून १८० ग्रॅमपेक्षा कमी. एक पेलाभर पाणी. ते १४ चौरस मीटर छतावर पसरलं तर पत्रा नुसता ओलसर होईल, थेंब धरून पडण्याइतकंही ते पुरणार नाही.

आणि तुमच्याकडं तर पोती भिजतात, तळावर थारोळी साचतात. मग हे बाकीचं पाणी कुठनं आलं?

शिरोळ तालुक्यातल्या एका काकांशी झालेलं बोलणं इथं सांगण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं छत बदलून द्या.

"काका, आत काय ठेवलंय?"

"सोयाबीन हाय. भाव वाढला की काढायचं."

"भरलं कधी?"

"दसऱ्याला. मळणी झाली तशी पोती भरली आणि ठेवली."

"वाळवलं होतं?"

"मशीनमधनं आलेलं, वाळलेलंच की ते."

दाताखाली कटकन वाजलं म्हणजे सोयाबीन वाळलं असं नसतं. साठवणीला ओलावा १२ टक्के किंवा त्याहून कमी हवा. मळणीच्या वेळी तो १४ टक्के असेल आणि कंटेनरमध्ये बसून १२ वर आला, तर एक टन सोयाबीनमधून जवळपास २३ लिटर पाणी बाहेर पडतं. दिवसा पत्रा तापतो, पोत्यांतून वाफ निघते. रात्री तीच वाफ छताला लागते आणि पहाटे पुन्हा त्याच पोत्यांवर पडते. वरच्या थराला बुरशी धरते ती अशी. काकांचं छत ठणठणीत होतं.

सोयाबीन नसेल तर भाताची पोती असतात, पेंड असते, ओलीच गुंडाळून टाकलेली ठिबकची लॅटरल असते, नुकत्याच चिरलेल्या बाभळीच्या फळ्या असतात. गोणपाटाचे रिकामे तरट तर ओल पिऊन बसतात. वर्कशॉप असेल तर काम करणारी माणसंही हवेत वाफ सोडत असतात. पण या सगळ्यांच्या मागं एक कायमचा झरा असतो, तो म्हणजे कंटेनरखालची जमीन.

पहिलं काम खाली आहे

बहुतेक जण क्रेनवाल्याच्या घाईत कंटेनर सरळ जमिनीवर टेकवून मोकळे होतात. पंचगंगा-कृष्णेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी पिते आणि ते हिवाळा अर्धा सरेपर्यंत सोडत राहते. कंटेनर तिच्यावर झाकण होऊन बसतो. वाफेला जायला वाट एकच, तळाच्या प्लायवूडच्या सांध्यांतून वर.

कंटेनर मुळात चार कोपऱ्यांवर उभा राहायला बनवलेला असतो. जहाजावर एकावर एक थर रचतात तेव्हा सगळा भार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतो. त्यामुळं तुमच्या शेतातसुद्धा त्याला फक्त चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे लागतात, मधे काही टेकवायची गरज नाही. चाळीस फुटी असला तरी तेच. ठोकळे जमिनीच्या वर निदान फूटभर येऊ द्या आणि खाली मुरूम लागेपर्यंत खोदा. काळ्या मातीवर वरवर ठेवलेला ठोकळा पुढच्या पावसाळ्यात हलणार म्हणजे हलणारच.

ठोकळे झाले की कंटेनरखालची वरची माती खरवडून टाका. त्यावर शेततळ्याचा जुना प्लास्टिकचा कागद अंथरा. ५०० मायक्रॉनचा तुकडा बहुतेक गावात कुणा ना कुणाकडं पडून असतो. कागदाला मधे उंची देऊन बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे त्याच्यावर पाणी साचणार नाही, आणि वर चार बोटं खडी टाका. चारी बाजूंनी चर काढून पाणी लांब न्या. एवढ्यानं निम्म्या जणांचा प्रश्न संपतो, असं माझं मत आहे.

मग लोक एक गोष्ट करतात आणि सगळ्यावर पाणी फिरवतात: साप-विंचू शिरतील म्हणून खालची मोकळी जागा विटांनी बुजवून टाकतात. भीती खरी आहे, पण विटांऐवजी बारीक जाळी लावा. वारा खेळला पाहिजे. आणि त्या जागेत जुने टायर, फुटकी पाइपं कोंबू नका.

दार लागत नाही, हाही त्याच जमिनीचा प्रताप

घामाबरोबर दुसरी तक्रार येते ती दाराची. उन्हाळ्यात दार सहज लागतं, पावसाळ्यात पहारीनं रेटावं लागतं. बिजागरीला ग्रीस भरून काही होत नाही, कारण बिजागरी बिघडलेलीच नसते. एक कोपरा खचलेला किंवा मातीनं उचललेला असतो आणि सगळी चौकट तिरकी झालेली असते. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक आला की निदान झालं. पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारी कोपरे बघा, जो खाली गेलाय त्याच्या कोपऱ्यातल्या ओतीव पोलादी ठोकळ्याखाली जॅक लावून थोडं थोडं उचला आणि लोखंडी पट्ट्या सारा. रिकामा वीस फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, त्यामुळं ट्रकचा दहा टनी बॉटल जॅक पुष्कळ झाला. माल भरलेला असताना हे करू नका. जॅक लावल्यावर कुणी खाली वाकून बघायचं नाही, पट्टी सारायला लांब दांडा वापरा.

तिरकं दार म्हणजे रबर नीट न बसणं, आणि तिथून पावसाळ्यात पाणी आत. म्हणजे या एका खचलेल्या कोपऱ्यापायी खरी गळतीही लागते.

आतला माल

धान्य, कडधान्य, बी काहीही असो, आधी ताडपत्रीवर खडखडीत वाळवा आणि ओलावा मोजूनच आत घ्या. पोती तळावर थेट नकोत, फळ्यांवर ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, कारण घाम भिंतींनाही येतो आणि ओघळ खाली उतरतो. छताला टेकेपर्यंत थप्पी लावू नका.

खत आणि हत्यारं एका कंटेनरमध्ये ठेवायची असतील तर मधे पडदी घाला. ३० अंशाला हवेतली आर्द्रता साधारण ७२ ते ७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतो. पोतं फुटलेलं असेल तर त्याचं आधी चिखल आणि मग दगड होतो. खताची धूळ लोखंडावर बसली की ती तिथं ओल धरून ठेवते. साध्या लोखंडाला ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता गंजायला पुरते, त्यावर खताचे क्षार म्हणजे आगीत तेल.

इथं घामाशी संबंध नसलेली पण महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतो. कंटेनरचा तळ २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा असतो आणि बंदराबंदरांतून किडे जाऊ नयेत म्हणून त्या लाकडाला कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या पाटीवर लाकडाला कोणतं औषध दिलंय त्याची नोंद सापडते. त्या तळावर धान्य मोकळं ओतू नका. आणि घेताना आधी त्यात काय वाहून नेलं होतं ते विचारा. सांडलेल्या रसायनाचा वास येत असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

वारा: कुठून, किती, केव्हा

कंटेनरच्या भिंतीत वरच्या बाजूला कंपनीनं दिलेली बारीक झाकणं असतात. ती जेमतेम हवेचा दाब सारखा राहावा एवढ्यापुरती. त्यांच्या भरवशावर राहू नका, पण रंग मारताना कुणी ती बुजवली तर नाहीत ना, ते बघा.

खरा वारा हवा असेल तर एका लांब भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर, अशी फूटभर चौकोनी लूव्हरची (तिरक्या पट्ट्यांची) जाळीदार भोकं पाडा. खालून गार हवा शिरते, वरून गरम दमट हवा निघते. एमआयडीसीतल्या शेडवर गरगरणारे टर्बो व्हेंटिलेटर बघून तसा एक कंटेनरवर बसवावा असं पुष्कळांना वाटतं. मी शक्यतो नको म्हणतो. शाबूत छताला भोक पाडून आपणच पुढच्या गळतीची सोय करायची आणि मग दरवर्षी सीलंट लावत बसायचं. भिंतीच्या वरच्या अंगातली जाळी तेच काम करते. कापताना कोपऱ्याचे खांब आणि वरच्या-खालच्या लांब बीमला हात लावू नका. कापलेली कड त्याच दिवशी घासून प्रायमर मारून घ्या, कंटेनरचं पोलाद गंजाला चिवट असलं तरी उघडी कड मीठ-खताच्या हवेत टिकत नाही.

भोकं पाडली म्हणजे चोवीस तास उघडी ठेवायची असं नाही. थंडीत अकरा ते चारच्या दरम्यान दार सताड उघडं टाका, त्या वेळी बाहेरची हवा कोरडी असते. दिवस मावळायच्या आत बंद करा. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा इतकी ओली असते की दार उघडून आत ओलच भरायची. तिकडं पावसाळ्यात कंटेनर घट्ट बंद ठेवा आणि आत कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा. ते पाणी ओढतं आणि त्याचं मिठाचं पाणी होतं, म्हणून पिशवी लोखंडावर किंवा मोटरीवर टांगू नका, खाली प्लास्टिकची बादली ठेवा.

दुसरं छप्पर

जमीन, माल आणि वारा झाल्यावरही घाम राहिला तर पैसे इथं घाला. कंटेनरच्या वर दीड फूट अंतर सोडून साधं पत्र्याचं छप्पर करायचं, एका बाजूला उतार, चारी बाजूंनी दोन फूट आणि दाराच्या बाजूला तीन-चार फूट बाहेर काढलेलं. रात्री आकाशाकडं तोंड करून गार होतो तो वरचा पत्रा, कंटेनरचं छत नाही. दिवसा ऊनही वरचाच पत्रा खातो, त्यामुळं आत पोत्यांतून वाफ निघणंच कमी होतं. पावसाचं पाणी दारावर येत नाही. एका खर्चात तीन कामं. सांगाडा कंटेनरच्या छताला वेल्ड न करता कंटेनरच्याच वरच्या चार कोपऱ्यांतल्या पोलादी ठोकळ्यांना बोल्टनं आवळा, आणि उन्हाळी वादळात पत्रा उडणार नाही एवढे हूक मारा.

ऊस तुटला की पाचट फुकटात मिळतं, म्हणून ते थेट कंटेनरवर पसरणारे आहेत. दिवसा आत गारवा वाटतो हे खरं. पण पाचट ओलं होऊन छताला चिकटून बसतं, खाली पत्रा गंजतो, उंदीर घर करतात आणि शेजारच्या फडात कुणी पाला पेटवला तर ठिणगीला निमंत्रण.

आतून अस्तर लावायचं तर ते पत्र्याला पूर्ण चिकटलं पाहिजे. पीयू फोमची (फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फेसाची) फवारणी त्यासाठी चांगली. थर्मोकोलच्या शीट डिंकानं चिकटवल्या की मागं पोकळी राहते. दमट हवा तिथं शिरते, घाम येतच राहतो, फक्त दिसायचा बंद होतो, आणि दोन-तीन वर्षांनी शीट काढल्यावर मागचा पत्रा पापुद्र्यांनी सुटलेला असतो. वेल्डिंग-ग्राइंडिंग होत असेल तिथं तर थर्मोकोल आणि उघडा फोम दोन्ही नकोत.

वर्कशॉप असेल तर

थंडीत ऊब यावी, घाम सुकावा म्हणून काही जण आत गॅसची शेगडी पेटवतात. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणजे घाम सुकवायला निघालेला माणूस आत पाणीच ओततो. शिवाय बंद पेटीत पेटती शेगडी किंवा जनरेटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो जीवच घेतो. हत्यारांसाठी सोपा उपाय आहे: एक दार असलेलं लोखंडी कपाट, आत जुना चाळीस वॉटचा पिवळा बल्ब, त्याला जाळीचं आवरण. कपाट बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम राहिलं की आतली आर्द्रता उतरते आणि पान्यांना गंज धरत नाही. सगळा कंटेनर सुकवत बसण्यापेक्षा हे परवडतं.

विजेचा बोर्ड पत्र्याच्या भिंतीला थेट ठोकू नका. मागं ओघळ उतरतात आणि स्विचच्या मागून पाणी शिरतं. भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडून फळी बसवा, बोर्ड तिच्यावर, वायर खालून आत घ्या. अख्खी लोखंडी खोली आहे हे विसरू नका. स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर ओल्या हातानं ग्राइंडर धरू नका.

पूरपट्ट्यातल्यांसाठी थोडं वेगळं

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडी किंवा शिरोळच्या पट्ट्यात कंटेनर ठेवला असेल तर फूटभर उंच ठोकळ्यांनी काही वाचत नाही, आणि दुसरी अडचण अशी की रिकामा कंटेनर तरंगतो. वीस फुटीचा तळ पावणेपंधरा चौरस मीटरचा. दार घट्ट असेल आणि आत पाणी शिरलं नाही, तर तळापासून अर्धा फूट पाणी चढलं की तो उचलला जातो. आत दोन टन खत असेल तरी फूटभर पाणी पुरतं. म्हणून तिथं कोपरे काँक्रीटच्या ठोकळ्यांत पुरलेल्या सळ्यांना आवळून ठेवा.

पूर ओसरल्यावर दार उघडून गाळ काढला म्हणजे झालं असं नाही. प्लायवूड आणि त्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवरचा गाळ महिनोन् महिने ओल सोडतो, त्या वर्षीचा घाम नेहमीपेक्षा जास्त असतो. खालच्या बाजूनं पाण्याच्या जोरानं गाळ धुऊन काढा आणि तळ पूर्ण सुकेपर्यंत पोती आत घेऊ नका.

एवढं करूनही थेंब पडत असतील

मग खरी गळती शोधा, आणि शोधताना छताच्या खड्ड्यांपासून सुरुवात करा. छत ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो वजन टाकून तपासलेलं असतं, माणूस चढला म्हणून ते खाली येत नाही. पण आपल्याकडं मिरच्या, शेंगा वाळवायला चढतात, वर लोखंड रचतात, पत्र्याला पोचे पडतात, त्यात पाणी साचतं आणि रंग सुटून गंज खोल जातो. पोचा आतून लाकडी ठोकळा आणि जॅक लावून वर दाबता येतो. गंजलेली जागा चकचकीत घासून पत्र्याचा तुकडा वेल्ड करा, छिद्र मोठं असेल तर नुसतं सिलिकॉन भरू नका. चढताना पाय कडेच्या बीमवर ठेवा.

छत ठीक निघालं तर दाराचं रबर. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तिथं रबर मेलंय. असं चारी बाजूंनी करत जा, खालच्या कडेला बहुतेक सापडतं, कारण ट्रॉलीतून उतरवताना पोती तिथंच घासतात. पूर्ण रबर बदलायच्या आधी दाराचे दांडे पूर्ण बसतायत का ते बघा, वाकलेला दांडा असेल तर नवीन रबरही कागद धरणार नाही.